नव्वद रुपये चौदा पैसे

कॉमर्सच्या पदवीधराला जगात दोनच गोष्टी कळतात, असं आमची ही नेहमी म्हणते. एक म्हणजे कुठल्या वस्तूची किंमत काय, आणि दुसरी म्हणजे ती दरवर्षी कितीनं उतरते. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर बायको असं काही म्हणाली, की ती नेमकी कुठल्या वस्तूबद्दल बोलते आहे याची चौकशी करू नये. मी करत नाही.

पण घसारा हा माझा आवडता विषय आहे, हे खरं. परवाच मी आमच्या गावाकडच्या ट्रॅक्टरचा घसारा काढला. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तो १९८४ साली साठ हजारांना घेतला. यंत्राला दरसाल पंधरा टक्के, तेही उरलेल्या किमतीवर, या हिशेबानं चाळीस वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत येते नव्वद रुपये चौदा पैसे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे हा हिशेब माझ्याकडे कुणीही मागितला नव्हता. पण बँकेत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाचं असंच होतं. मागितलेला हिशेब तो चार दिवसांनी देतो आणि न मागितलेला ताबडतोब.

या पद्धतीची गंमत अशी, की किंमत कितीही उतरली तरी शून्य कधी होत नाही. आणखी शंभर वर्षांनीही काही तरी शिल्लक राहतंच. माझ्या मते आमच्या ट्रॅक्टरला हे कुणी तरी सांगितलेलं असावं.

ट्रॅक्टरच्या कंपनीचं नाव सांगत नाही. म्हणजे सांगायचं म्हटलं तरी बॉनेटवरची निम्मी अक्षरं केव्हाच गळून पडली आहेत, आणि उरलेल्या अक्षरांचा कुठल्याही भाषेत अर्थ होत नाही. त्या काळात ट्रॅक्टर घेणं म्हणजे काय होतं, हे आजच्या पोरांना कळायचं नाही. आपल्या देशात ट्रॅक्टर तयार व्हायला लागला तोच मुळी १९५९ साली, फरिदाबादला आयशरच्या कारखान्यात. पुढं १९७१ मध्ये एचएमटीनं काढला. आमच्या गावच्या एका मास्तरांच्या मनगटावर एचएमटी आणि शेतातही एचएमटी होता, त्यामुळे ते ‘वेळेवर पेरणी’ या विषयावर अधिकारवाणीनं बोलत. (घड्याळ आणि ट्रॅक्टर, दोन्ही बंद करायचा निर्णय २०१६ सालीच झाला. मास्तर त्याआधीच गेले, हे बरं झालं.) १९७४ साली संपूर्ण देशी बनावटीचा स्वराज आला. आणि १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं असल्यामुळे आबांसारख्या दहा एकरवाल्यालाही बँकेच्या पायऱ्या चढण्याचं धैर्य आलं होतं.

ट्रॅक्टर घरी आला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आईनं ओवाळलं, आबांनी चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ते चिरडून ट्रॅक्टर जो पुढं गेला तो थेट गोठ्याची भिंत घेऊनच थांबला. त्यानंतर बेंदराला बैलांच्या बरोबरीनं त्याच्याही बॉनेटला हुरमुज लागू लागला आणि समोर पुरणपोळी ठेवली जाऊ लागली. ती आम्ही खायचो. मागच्या मोठ्या टायरांत तीन हिस्से पाणी भरलेलं असतं, हे कळल्यावर मी आबांना विचारलं होतं, ‘‘आबा, याला तहान लागती?’’ आबा म्हणाले, ‘‘तहान न्हाई लेका, वजान लागतंय. हलका गडी वढत न्हाई, नुसता घसारतो.’’ ‘घसारा’ शब्दाशी माझा पहिला परिचय तो असा. कॉलेजातला नंतरचा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गेल्या दिवाळीत मी दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो, आणि दादा शेतातच राहिला. फोनवर मी ‘वाटणी’ हा शब्द मुळीच उच्चारला नाही. मी सुशिक्षित माणूस आहे. मी म्हणालो, ‘‘दादा, ते कागदपत्रांचं जरा क्लिअर करून घेऊ या एकदा. फ्लॅटचे हप्ते आहेत, पोरीची इंजिनिअरिंगची फी आहे...’’

पलीकडे बराच वेळ नुसतं मोटारपंपाचं घरघरणं ऐकू आलं. मग दादा म्हणाला, ‘‘ये की. त्यो आबांचा ट्रॅक्टरबी काढायचाय भंगारात. आलास म्हंजी दोनी भानगडी एकदमच मिटवू.’’

त्यानंतर दादाचे फोन आखूड होत गेले. आधी तो पाऊस, ऊस, म्हैस, सरपंच असं सगळं सांगायचा. आता ‘‘बरं हाय’’ आणि ‘‘ठीवतो’’ एवढेच दोन शब्द. बँकेत आम्ही थकबाकीदारांना नोटीस पाठवली की ते असंच बोलतात.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी गावाला गेलो. बँकेतला माणूस असल्यामुळे आरटीओचे फॉर्म बरोबर घेऊन गेलो होतो. मालक वारल्यावर गाडी वारसांच्या नावावर करायची तर फॉर्म ३१ लागतो. तो भरायला घेतला आणि ट्रॅक्टरचं आरसी बुक उघडलं, तर त्यावर बँकेचा बोजा तसाच! आबांनी कर्जाची पै न पै फेडली होती, त्या दिवशी गावात पेढे वाटले होते. पण बोजा उतरवायला आरटीओत जायचं मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यासाठी लागतो फॉर्म ३५, आणि त्यावर बँकेची सही. ती बँक तर मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली.

‘‘म्हंजी?’’ दादानं विचारलं.

‘‘म्हणजे कागदोपत्री हा ट्रॅक्टर अजून त्या बँकेकडे गहाण आहे.’’

‘‘आनि ती बँक?’’

‘‘ती आता नाही.’’

दादानं माझ्याकडे असं पाहिलं, की देशातला सगळा बँक व्यवसाय मीच बुडवला. भंगारवाला सोमवारी यायचा होता. बेचाळीस हजार देतो म्हणाला होता. पुस्तकी किंमत नव्वद रुपये असताना बेचाळीस हजार म्हणजे जवळजवळ बेचाळीस हजारांचा नफा, हे मी दादाला समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात पाऊस आला.

अवकाळी पाऊस शहरात आला तर भजी होतात. गावात, आणि तेही ऊसतोड चालू असताना आला, तर माणसं नुसती आभाळाकडे बघत उभी राहतात. आमच्या उसाला त्याच दिवशी तोड आली होती. ट्रॉली भरून तयार होती, दहा-बारा टन ऊस. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. पुढं तो वाळतो, वजन घटतं, साखर उतरते. म्हणजे इथं घसारा सालाच्या नव्हे, तासाच्या हिशेबानं.

दादानं घाईघाईनं आपला नवा, पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर ट्रॉलीला जोडला आणि पाणंदीत घातला. शंभर पावलांवर तो बसला. आमची काळी जमीन माहेरवाशिणीला सोडत नाही तशी चाकाला सोडत नाही. मागची दोन्ही चाकं निम्मी आत गेली. पाणंद एवढीशी, मागं आणखी दोघांच्या भरलेल्या ट्रॉल्या येऊन उभ्या राहिल्या. त्यातला एक जण आमचा भाऊबंद. त्यानं पुढं येऊन बघितलं आणि ‘‘वाटणीला धाकलं सायेब आल्यात वाटतं,’’ असं म्हणून तंबाखू मळायला घेतली. माझ्या फोनवर तो शब्द नव्हता, पण गावात मात्र पोचला होता.

‘‘आबांचा ट्रॅक्टर आणायचा पुढं वढायला,’’ दादा म्हणाला. ‘‘पर त्येचं टायर पार गुळगुळीत झाल्यात.’’

इथं मी बोललो. बोलायला नको होतं. पण मी एलएफसीवर काश्मीरला जाऊन आलो होतो, आणि टंगमर्गहून गुलमर्गला जाताना हिवाळ्यात गाड्यांच्या टायरांना साखळ्या बांधतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बँकेच्या पैशानं पाहिलेल्या गोष्टीचा माणसाला वेगळाच आत्मविश्वास असतो. मी म्हणालो, ‘‘दादा, टायरला साखळी बांधू या. काश्मीरात बांधतात.’’

‘‘बर्फात?’’

‘‘हो.’’

‘‘आनि ह्यो चिखूल हाय.’’

‘‘तत्त्व तेच आहे.’’

आश्चर्य म्हणजे दादा हसला नाही. म्हणाला, ‘‘आबाबी बांधायचे. वीस फुटी साखळी हाय माळ्यावर.’’ म्हणजे काश्मीरला जाऊन मी जी विद्या संपादन केली, ती माझ्याच घराच्या माळ्यावर पडून होती.

आता आबांचा ट्रॅक्टर चालू करणं हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याची बॅटरी गेल्याला काही वर्षं झाली होती, म्हणून तो कायम उतारावर उभा असतो. चाकाखालचा दगड काढायचा, दोघांनी ढकलायचं, वेग आला की गिअर टाकून क्लच सोडायचा. त्याआधी डिझेलच्या पाइपातली हवा काढावी लागते. वहिनींनी तोवर बॉनेटवर दोन थेंब पाणी शिंपडलं आणि हात जोडले. एवढ्या सगळ्यांनी मिळून केल्यावर तो एकदा खोकला, दोनदा खोकला, काळा धूर सोडला आणि चालू झाला. खोकणं अगदी आबांसारखं. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. धुरामुळे असेल.

साखळी बांधायची म्हणजे टायरभोवती फेर घेत, रिमच्या फटीतून ओवून, घट्ट ओढून कडीला कडी बोल्टानं अडकवायची. मग दोन हात पुढं जाऊन थांबायचं आणि ढिली पडलेली पुन्हा आवळायची. नाही तर ती मडगार्डला खरवडत जाते. एका मागच्या चाकाला पाच फेर घेतले, आणि साखळी संपली.

‘‘चालेल,’’ मी म्हणालो. ‘‘एका चाकाला पकड आली की पुरे.’’

वाचकहो, कॉमर्सच्या अभ्यासक्रमात डिफरन्शियल नाही, ही फार मोठी उणीव आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये हे डिफरन्शियल नावाचं प्रकरण असतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरता यावं म्हणून ते केलेलं. पण त्याचा स्वभाव असा, की जे चाक घसरतं, ज्याला काहीच ओझं नाही, तेच ते गरागरा फिरवत बसतं; आणि ज्यानं जमीन घट्ट धरली आहे ते चाक जागच्या जागी उभं. आमच्या शाखेत हीच व्यवस्था गेली कित्येक वर्षं चालू आहे. जो काम करत नाही तो दिवसभर इकडून तिकडे फिरत असतो, आणि ज्याच्या काउंटरला रांग आहे तो जागेवरून हलत नाही. फक्त त्याला डिफरन्शियल म्हणतात, हे मला माहीत नव्हतं.

तसंच झालं. साखळीचं उजवं चाक पाय रोवून उभं, आणि डावं चाक असं फिरलं की तंबाखू मळणाऱ्या भाऊबंदाचा सदरा, टोपी आणि तंबाखू तिन्ही एका रंगाची झाली. तेवढं एक समाधान. दोन्ही चाकं एकत्र फिरावीत म्हणून डिफरन्शियलला लॉक असतो, पायानं दाबायचा. पण तो पेडल गंजून इतक्या वर्षांच्या चिखलात गाडलेला होता.

दादा खाली उतरला. कमरेवर हात ठेवून त्यानं त्या दोन चाकांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा चाकांकडे. तो काहीच बोलला नाही, पण मला मात्र उगाचच, त्यातलं साखळी बांधलेलं चाक कुठलं आणि मोकळं फिरणारं कुठलं, ते नीट कळलं. चोवीस वर्षं मी एलएफसीवर फिरत होतो.

‘‘तोडायला पायजे,’’ दादा म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘साखळी. निम्मी हिकडं, निम्मी तिकडं.’’

गावातला मिस्त्री लोखंड कापायची करवत घेऊन आला. साखळी मधोमध मोजायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी कड्या मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि बरोबर मधली कडी दाखवली. करवत चालू झाली. पाऊस पडतोय, पाणंदीत वीस-पंचवीस माणसं गोल करून उभी, आणि आबांच्या साखळीचे दोन भाऊ मिळून दोन तुकडे करताहेत. कुणीच काही बोलेना. कडी तुटल्यावर दादानं दोन्ही तुकडे हातात धरले, वजन केल्यासारखे खालीवर केले आणि एक माझ्या हातात दिला. ‘‘बांध तिकडं,’’ म्हणाला.

दोन्ही चाकांना अडीच-अडीच फेर आले. चाकांपुढं उसाचं पाचट टाकलं. मी तारेचा दोर आणून ट्रॅक्टरच्या मागं वर, टॉपलिंकच्या जागी अडकवायला लागलो, तर दादा ओरडला, ‘‘आरं वर न्हाई! खाली, ड्रॉबारला! वर बांधलास तर त्यो नाक वर करून उताना पडंल तुझ्या अंगावर!’’ पुढं कळलं की जुन्या ट्रॅक्टरवर माणसं अशीही दगावतात. दोर जितका वर, तितकं पुढचं तोंड उचललं जातं, आणि सावरायला वेळच मिळत नाही. दादानं सगळ्यांना दोरापासून लांब हाकललं. तुटला तर तार चाबकासारखी फिरते.

‘‘ह्यो कोन चालवनार?’’ मिस्त्रीनं विचारलं.

नव्यावर दादा बसणार होता. आबांच्या ट्रॅक्टरचा क्लच जगात फक्त दोघांना कळतो. चौदा वर्षांचा असताना आबांनी मला मांडीवर बसवून... म्हणजे मांडीवर नव्हे, मडगार्डवर बसवून तो शिकवला होता. निम्मा सोडायचा, थांबायचं, इंजिनाचा सूर बदलला की उरलेला निम्मा.

मी ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चढलो. लो गिअर टाकला. निम्मा क्लच सोडला. थांबलो. मागं दादाचा ट्रॅक्टर गुरगुरला. सूर बदलला, आणि मी उरलेला निम्मा सोडला.

ट्रॅक्टर हलला नाही. मग साखळीची एक कडी पाचटात रुतली, कुठं तरी खाली कडकन आवाज आला, आणि दोन्ही चाकं एकदम, एका चालीनं, अगदी सावकाश फिरली. वीतभर. मग हातभर. मागं वळून बघायचं नाही, असं आबांनी शिकवलं होतं, म्हणून मी वळलो नाही. डांबरी सडकेला लागल्यावरच थांबलो. साखळ्या काढल्या, सडकेवर त्या ठेवत नाहीत, दोघांचीही वाट लागते, साखळीची आणि सडकेची.

मागच्या दोन्ही ट्रॉल्याही आम्हीच ओढून काढल्या. भाऊबंदाची सुद्धा. त्यानं उतरून मला चुना-तंबाखू दिली. मी खात नाही, पण घेतली.

रात्री ऊस कारखान्यावर पोचला. दादा वजनाची पावती घेऊन पहाटे परतला आणि चहा पिताना त्यानं ती माझ्यापुढं ठेवली. मी आकडा बघितला, बेरीज तपासली आणि घडी घालून परत दिली. कागदपत्रांचा विषय निघाला नाही. काढायचा कुणी, याबद्दल दोघांनीही सौजन्य दाखवलं.

निघताना दादानं एकच विचारलं, ‘‘त्यो फॉरम पस्तीस. बँकेची सही मिळायला किती दिस लागतील?’’

चोवीस वर्षांच्या अनुभवावरून मी सांगितलं, ‘‘बँकेचं काम आहे. चार-पाच वर्षं सहज.’’

‘‘मग तवर भंगारवाल्याला काय सांगू?’’

‘‘बोजा आहे म्हणून सांग.’’

‘‘हां,’’ दादा म्हणाला, ‘‘बोजा हायच.’’ आणि बऱ्याच महिन्यांनी हसला.

एसटीत बसलो तेव्हा पिशवी जड लागली. वहिनींनी काकवी दिली असेल, म्हणून उघडून बघितलं, तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्धी साखळी. चिखलासकट. मी दादाला फोन लावला.

‘‘अरे, ही माझ्याकडे कशाला?’’

‘‘तुझी वाटनी,’’ दादा म्हणाला. ‘‘निम्मी माज्याकडं हाय. एकट्या साखळीनं ट्रॅक्टर हलत न्हाई, बघितलास न्हवं? पाऊस पडला की फोन करतो. घिऊन ये.’’ आणि त्यानंतर पाऊस, म्हैस आणि सरपंच यांवर तो वीस मिनिटं बोलला.

सध्या ती साखळी आमच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीमागं आहे. आमची ही रोज विचारते, ‘‘हे लोखंड कधी जाणार इथून?’’ मी हिशेब केलाय. उरलेल्या किमतीवर दरसाल पंधरा टक्के. शून्य होत नाही. मॅनेजरना मात्र मी आताच सांगून ठेवलं आहे, की पुढच्या अवकाळी पावसात मला एक दिवसाची रजा लागेल. कारणाच्या रकान्यात काय लिहू, ते अजून ठरत नाही. ‘साखळी पोचवणे’ असं लिहिलं तर रजा मंजूर होईल, पण माझ्या प्रकृतीची चौकशी होईल.